मुलांना घेऊन कर्नाळ्याच्या किल्ल्यावर

सुटी म्हटली की आपल्या घरातले बेत ठरलेले असतात. एक तर गावाला जायचे, नाही तर कुणाच्या लग्नाला. फार झाले तर चैत्यभूमीवर जाऊन यायचे आणि मुलांनी हट्ट धरलाच तर चौपाटीवर भेळ खाऊन परत. सहल ही शाळेची गोष्ट, आणि तिचे पैसे भरताना आईच्या जिवाची ओढाताण होते ती वेगळीच. किल्ले पाहणे, रानात हिंडणे, पाखरे ओळखणे हे तर पाठीवर मोठाल्या पिशव्या बांधणाऱ्या कॉलेजातल्या मुलांचे काम, आपल्याला काय त्याचे, असा आपला एकंदर समज. भगिनींनो, माझाही तसाच समज होता. तो कसा गेला ते सांगते, आणि त्यासोबत मुंबईहून एका दिवसात, थोड्या पैशांत पाहून होणाऱ्या एका किल्ल्याची माहितीही देते.

किल्ल्याचे नाव कर्नाळा. रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर तो आहे. कोकणात जाणाऱ्या एस.टी.ने ज्यांनी प्रवास केला त्यांनी तो पाहिलेलाच आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. पनवेल सोडले की डाव्या हाताला डोंगराच्या माथ्यावर उभा केलेल्या अंगठ्यासारखा एक दगड दिसू लागतो. तोच कर्नाळा. इंग्रजांनी या डोंगराला ‘फनेल हिल’ असे नाव दिले होते. मुंबईच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसायचा. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, गोदीत कामाला होते. स्वच्छ हवेच्या दिवशी गोदीतून तो अंगठा दिसतो, असे ते सांगायचे. तीस वर्षे लांबून पाहिला, पण जवळ कधी गेले नाहीत. का गेले नाहीत, ते पुढे येईलच.

या डोंगराभोवतीचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले. सुरुवातीला त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरपेक्षाही थोडे कमी होते. २००३ साली ते वाढून बारा चौरस किलोमीटरच्या वर गेले. म्हणजे तसे लहानच. पण त्या लहान जागेत पाखरांच्या दीडशेच्या आसपास जाती बारमाही राहतात, आणि हिवाळ्यात बाहेरून येणाऱ्या तीसहून अधिक जातींची त्यात भर पडते. किल्ला आणि रान अशी दोन्ही एकाच फाटकातून आत शिरून पाहता येतील, अशी मुंबईजवळ कर्नाळ्याइतकी सोयीची जागा मला तरी ठाऊक नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते जानेवारी २००५ मध्ये. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाने बेत काढला. लहानमोठी मिळून तेवीस माणसे झाली. प्रत्येकीने घरून भाकरी, चटणी, कोरडे पिठले आणायचे आणि गाडीभाड्यापुरती वर्गणी काढायची असे ठरले. पुरुषांपैकी चौघेच यायला तयार झाले, बाकीच्यांना रविवारची झोप प्यारी! मामंजींना विचारले तर ते साफ नाही म्हणाले. चौसष्ट वर्षांचे होते, पण अंगाने काटक. रोज सकाळी दोन-तीन मैल चालणारा माणूस. गुडघे दुखतात म्हणाले, ते काही मला पटले नाही. शेवटी माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची, त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि “आबा, तुम्ही नाही तर मीपण नाही” म्हणाली. तेव्हा “बरं, येतो. पण वर नाही चढायचा. खाली तुमचं सामान राखीत बसेन,” एवढ्यावर तडजोड झाली.

पहाटेच्या लोकलने पनवेल गाठले. स्टेशनातून एस.टी. स्टँड आणि तिथून पेणकडे जाणारी साधी गाडी. कंडक्टरला आधीच “कर्नाळा” म्हणून सांगून ठेवावे लागते, कारण जलद गाड्या तिथे थांबतातच असे नाही. अभयारण्याचे फाटक अगदी हमरस्त्यावर आहे. उतरल्याबरोबर लहान मुलांचे हात घट्ट धरा, ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. फाटकावर वनखात्याची माणसे तिकीट देतात आणि पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या आत नेल्या तर त्या मोजून घेतात आणि परत आणून दाखवाव्या लागतात. आमच्यातली एक जण कुरकुरली की, ही कसली झडती! पण आत शिरल्यावर रस्त्याच्या कडेला आधीच्या कुणी टाकलेल्या वेफरच्या पुड्या दिसल्या तेव्हा ती गप्प झाली.

आत शिरले की पहिली गोष्ट कळते ती सावली. ऐन, साग, आंबा, उंबर, कळंब, कोशिंब अशी झाडे दाटीने उभी आहेत. पाच मिनिटांपूर्वी ट्रकचे भोंगे ऐकत होतो यावर विश्वास बसत नाही. मात्र पाखरे दिसायची तर तोंड बंद ठेवावे लागते, आणि तेवीस माणसांत, त्यातही बायका-पोरांत, हे किती अवघड ते तुम्हीच समजा. सुरुवातीची दहा मिनिटे एक पाखरू दिसेल तर शपथ! मग एका ताईने युक्ती काढली. सगळ्यांनी पाच मिनिटे खाली बसायचे, जो बोलेल त्याची भाकरी दुसऱ्याला. आणि खरोखर रान बोलू लागले. आधी तांबटाचे टुक टुक टुक. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा तो आवाज येतो, म्हणून तर त्याचे नाव तांबट. मग पिवळाधमक हळद्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पाने चिकटवल्यासारखा काळा भृंगराज आला. हा भृंगराज मोठा नकल्या. दुसऱ्या पाखरांचे आवाज तो हुबेहूब काढतो, त्यामुळे आवाजावरून ओळखायला जाल तर फसाल. माथ्यावर गोल गोल फिरणारा सर्पगरुडही मुलांनी पाहिला. दुर्बीण आमच्याकडे नव्हती. नसली तरी काही अडत नाही, धीर मात्र हवा.

ज्यांना पावसाळ्यात जमेल त्यांनी पावसाळ्यातही जावे. स्वर्गीय नर्तक नावाचा लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी आणि माणसाने शीळ घालावी तसा गाणारा शीळकरी कस्तूर हे पावसाळ्याच्या सुरुवातीचे मानकरी. पण त्या दिवसांत किल्ल्याची वाट निसरडी असते. लहान मुले बरोबर असतील तर खालच्या वाटांवरच फिरून परतावे.

किल्ल्यावर जायला मोठ्यांना दीड तास, मुलांसह गेले तर दोन तास धरा. वाट मळलेली आहे, चुकण्याची भीती नाही. अर्ध्या वाटेवर चढ अंगावर येतो, आणि मग आपण रोज किती जिने चढतो-उतरतो त्याचा उपयोग कळतो. चाळीतल्या बायका भराभर पुढे, पुरुष मागे धापा टाकीत! वरच्या टप्प्यात कातळातल्या पायऱ्या आहेत आणि धरायला लोखंडी कठडे आहेत. वाटेत कर्णाई देवीचे ठाणे लागते. मग दरवाजा, तटाचे उरलेले तुकडे, आणि एकदम समोर तो अंगठा. खालून अंगठा वाटतो तो जवळून सुमारे सव्वाशे फुटांचा काळाकभिन्न सुळका आहे. लोक त्याला पांडू बुरूज असेही म्हणतात. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. सह्याद्रीचा हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे, असे भूगर्भशास्त्र सांगते. ऊनपावसाने मऊ भाग झिजून गेला, कठीण भाग असा उभा राहिला.

वरून काय दिसते? उत्तरेकडे प्रबळगड आणि माथेरान, दुसरीकडे माणिकगड, पश्चिमेला खाडी आणि हवा निवळ असेल तर मुंबईचे बंदर. मग किल्ला इथेच का बांधला, हे शिकवावे लागत नाही. कोकणच्या बंदरातून बोरघाटाकडे जाणारा माल या डोंगराच्या नजरेखालून जायचा. ज्याच्या हाती कर्नाळा त्याच्या हाती वाट.

आणि म्हणूनच तो सतत या हातातून त्या हातात गेला. देवगिरीच्या यादवांपासून त्याचा इतिहास सांगतात. अहमदनगरचा निजामशहा आणि गुजरातचा सुलतान यांच्या ओढाताणीत १५४० साली पोर्तुगीज त्यात शिरले, आणि पुढे पैसे ठरवून त्यांनी तो निजामशहाला परत दिला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी मोर्चे बांधत, पुढे सरकत तो पुन्हा जिंकला. पुढे मोगल, मग पेशवे, आणि १८१८ साली इंग्रजांचा कर्नल प्रॉथर. एवढे नीट लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

माझ्या मुलीला मात्र हे पुरले नाही. आम्ही सुळक्याच्या पायथ्याशी टेकलो होतो. तिथे कातळाच्या पोटात ओळीने खोल्या कोरलेल्या आहेत. काहींत पाणी, काही कोरड्या. कोरड्यांत धान्य साठवायचे, बाकीची पाण्याची टाकी. तिने विचारले, “हे कुणी खणलं?” आमच्या बरोबरच्या एका तरुणाने राजांची नावे सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, “राजानं खणलं? स्वतः?”

प्रश्न पोरीचा, पण आम्ही सगळेच गप्प झालो. छिन्नीचे घाव त्या कातळावर अजून दिसतात. बोट फिरवले तर हाताला लागतात. एकेका टाक्याला किती हात, किती महिने लागले असतील! टाक्यातून निघालेला दगड तटाला लावायचा, म्हणजे एकाच कष्टात दोन कामे, अशी जुन्या गडांची रीत होती. आणि ही कला काही किल्ल्यांपासून सुरू झाली नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी बोरिवलीच्या रानातली कान्हेरीची बौद्ध लेणी पाहिली असतील. तिथल्या शिलालेखांत ‘पोढी’ दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. भिक्षूंना आणि वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून साधी माणसे टाकी कोरवून घेत आणि आपले नाव दगडात लिहून ठेवत. कान्हेरीला दान देणाऱ्याचे नाव तरी मिळते. किल्ल्यावर दगड फोडणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

पण राखणदारांची नोंद आहे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात किल्ल्यांच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. गडावर मराठे आणि ब्राह्मण यांच्याबरोबर रामोशी, महार आणि मांग असत, या सर्वांना मिळून गडकरी म्हणत, आणि त्यांना वंशपरंपरेने सारामाफीची जमीन असे, असे त्याने लिहिले आहे. रामोशी आणि महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्या असायच्या. बातमी काढणे, शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवणे, त्याच्या हेरांना चकवणे, मागे राहिलेल्यांना गाठणे ही त्यांची कामे. म्हणजे गडाच्या खालचा पहिला पहारा आपल्या पूर्वजांचा! हे मी त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ताई, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.” मलाही कुणी सांगितले नव्हते. विहाराच्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात वाचले होते एवढेच. कर्नाळ्याच्या पायथ्याशी शिरढोण गाव आहे. तिथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते असे सांगतात. त्या फडक्यांनी १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केले तेव्हा त्यांच्या हाकेला धावून आले ते रामोशीच होते. पुतळ्यावर नाव एकाचे असते. धावणारे पुष्कळ असतात.

आता मामंजींकडे वळते. ते खाली सामान राखीत बसणार होते ना? आम्ही टाक्यांपाशी बसलो असताना मुलगी ओरडली, “आबा!” पाहते तो मामंजी कठडा धरून वर येत आहेत. सामान फाटकावरच्या माणसाच्या ओळखीवर ठेवून एकटेच निघाले होते. कुणाशी काही बोलले नाहीत. आले आणि पाण्याच्या टाक्याच्या काठावर, अगदी कडेला, उकिडवे बसले. बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग आपणहून बोलू लागले. घरात तीस वर्षांत जे बोलले नव्हते ते.

त्यांच्या गावाच्या डोंगरावर एक गड आहे. गावाचे नाव मी इथे लिहीत नाही, तिथे आजही आपली घरे आहेत. गडावर पायऱ्यांचे टाके आहे. वर्षातून एकदा जत्रा भरायची. जत्रेच्या आधी, भर उन्हाळ्यात टाके आटले की त्यातला गाळ काढायचा, गडाची वाट झाडायची, हे काम महारवाड्याचे. मामंजींचे वडील टाक्यात कमरेपर्यंत उतरून गाळाच्या पाट्या वर द्यायचे. मामंजी स्वतः, पोर असताना, त्या पाट्या वाहायचे. टाके रिकामे असताना तळापर्यंत उतरायला कुणाची आडकाठी नव्हती. पाऊस पडून पाणी भरले की मात्र त्याच पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही!

१९५२ सालची गोष्ट. मामंजी अकरा वर्षांचे होते. गुरे राखणाऱ्या पोरांबरोबर गडावर गेले. तहान लागली. बाकीची पोरे पायऱ्या उतरून पाणी प्यायली. यांनीही ओंजळ भरली. वर कुणीतरी मोठा माणूस उभा होता. त्याने पाहिले. पुढे काय झाले ते मामंजींनी सविस्तर सांगितले नाही, एवढेच म्हणाले, “काठी बाभळीची होती.” घटनेने अस्पृश्यता नष्ट केली त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. संध्याकाळी चावडीवर वडिलांना बोलावून आणले, आणि ज्या माणसाने महिनाभरापूर्वी त्या टाक्यातला गाळ काढला होता त्याला पोराच्या वतीने हात जोडायला लावले. त्या रात्री वडील एवढेच म्हणाले, “गडावर पुन्हा जाऊ नको.” १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महारवाड्याने गाळ काढायचे काम सोडले. मामंजी मुंबईला आले, गोदीत लागले. पण वडिलांचा तो शब्द त्यांनी त्रेपन्न वर्षे मोडला नव्हता.

ऐकताना मला बाबासाहेबांच्या एका लिखाणाची आठवण झाली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्याची पुस्तिका काढली. त्यात किल्ल्याचीच एक हकिकत आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान तळे होते. प्रवासात सगळे धुळीने माखले होते, म्हणून काहींनी त्या तळ्याच्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ मागून ओरडत आले की, यांनी तळे बाटवले. बघता बघता जमाव झाला आणि शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या तळ्यावर पाणी घेऊ देणार नाही काय? जमाव निरुत्तर झाला. किल्ला पाहण्याची परवानगी अखेर मिळाली. पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही ही अट घालून, आणि त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन! परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस, आणि किल्ल्यात त्याच्यामागे पाण्याचा पहारेकरी. त्याच लिखाणात हिंदूंकडून आणि पारशांकडून आलेले अनुभवही आहेत. बाबासाहेबांनी कुणाला वगळले नाही.

महाड आणि कर्नाळा एकाच जिल्ह्यात आहेत, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ आहे. पण त्यानंतर सात वर्षांनी त्यांना स्वतःला एका किल्ल्याच्या दारात काय ऐकावे लागले, ते आपण मुलांना फारसे सांगत नाही.

हे मी सगळ्यांना सांगत होते तेव्हा मामंजी उठले. टाक्यातले पाणी हिरवट होते, त्यात पाने पडली होती. मुलगी म्हणाली, “आबा, पिऊ नका, पोट दुखेल.” ते म्हणाले, “पीत नाही गं.” वाकून त्यांनी दोन ओंजळी घेतल्या, तोंड धुतले, मानेवरून ओला हात फिरवला आणि धोतराच्या सोग्याने पुसले. मग म्हणाले, “भाकरी काढा, भूक लागली.”

जेवण झाल्यावर तरुण मुलांना स्फुरण चढले. माथ्यावर उभे राहून जयघोष करायचा म्हणाले. मामंजींनीच त्यांना थांबवले. सुळक्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आधी वर बघा.” कातळाला काळी-तपकिरी मोठमोठी पोळी लोंबत होती, आग्या मोहोळाची. भगिनींनो, हे नीट लक्षात ठेवा. कर्नाळ्याचा खरा धोका वाटेचा नाही, मधमाश्यांचा आहे. आरडाओरड, विडी-सिगारेटचा किंवा शेकोटीचा धूर, अंगाला लावलेली अत्तरे, मुलांनी गंमत म्हणून भिरकावलेला दगड, यांतल्या कशानेही त्या उठतात. पळायला वर जागा नाही आणि खाली कडा आहे. तेव्हा घोषणा द्यायच्या त्या फाटकाबाहेर येऊन द्या. आमच्या पोरांनी त्या दिल्याही, एस.टी.ची वाट पाहताना, चांगल्या अर्धा तास!

सुळक्यावर चढण्याचा मोह कुणी धरू नये. ते दोर आणि साधने घेऊन शिकलेल्या गिर्यारोहकांचे काम आहे.

उतरताना वाटेत दोन कातकरी बाया डोक्यावर वाळक्या फाट्यांचे भारे घेऊन भेटल्या. अभयारण्याच्या आसपास कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी, असे नावाचे मूळ सांगतात. रान राखीव झाले ते पाखरांसाठी चांगलेच झाले. पण या माणसांचे सरपण, मध, कंद यांचे काय झाले, हा प्रश्न फाटकावरच्या पाटीवर कुठे लिहिलेला नाही. आमच्या ताईंनी त्यांना उरलेल्या भाकऱ्या देऊ केल्या. त्यातली वयस्कर बाई म्हणाली, “आमच्याकडं हाय जेवाण. तुमी पानी असंल तर द्या.” आमच्याजवळ एकच भरलेली बाटली राहिली होती, ती दोघींनी तोंडाला लावून रिकामी केली आणि परत दिली. मोजायची होती ना!

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी लवकर पोहोचा, उशीर झाला तर पाखरेही दिसत नाहीत आणि चढताना ऊन लागते. किल्ल्यावर पिण्याजोगे पाणी नाही असे समजून माणशी दोन बाटल्या न्या. पायात चपला नकोत, साधे कॅनव्हासचे बूट पुरतात. भडक कपडे टाळा, पाखरे दूर जातात. गाणी लावायचा डबा आणि हल्ली मोबाइलवर मोठ्याने लावतात ती गाणी, दोन्ही घरी ठेवा. वृद्धांना आणि अगदी लहान मुलांना घेऊन एकाने खाली थांबावे. खालच्या वाटांवरही दिवस मजेत जातो. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे पैसे थोडे जास्तच जवळ ठेवा. संध्याकाळी परतीच्या गाड्या भरून येतात. अंधार पडण्याआधी रस्त्यावर या.

त्या दिवसाचा हिशेब मंडळाच्या वहीत आहे. वर्गणीतून थोडे पैसे उरले होते, त्यांचे काय करायचे यावर बायकांचा बराच वाद झाला. कुणी म्हणे भांडी घेऊ, कुणी म्हणे पुढच्या जयंतीला ठेवू. शेवटी मुलांचे मत घेतले आणि पाखरांच्या रंगीत चित्रांचे एक मराठी पुस्तक आणले. ते विहाराच्या कपाटात अजून आहे. भृंगराजाचे पान सुटले होते ते मामंजींनी डिंकाने चिकटवले, थोडे तिरके बसले आहे.